दाईमायनं सांगितलेलं वय

दाईमायला कुणाचंही वय विचारलं की ती आधी डोळे मिटायची आणि उजवा तळहात उताणा करून पुढं धरायची. त्या हातावर ते माणूस पहिल्यांदा आलं तो दिवस तिला आठवायचा असायचा. मग एकदम डोळे उघडून म्हणायची, "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. बैलाच्या शिंगाचा रंग आजून वाळला नव्हता. सुकडीचा दुष्काळ पडायच्या आदी पाच वर्सं. धरा आता बोटं." सुकडीचा म्हणजे सरकारनं सुकडीचा खाऊ वाटला तो बहात्तरचा दुष्काळ; तिथून मी बोटं धरून वय काढायचो. शाळेच्या दाखल्यावर अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं होतं, रेशनकार्डावर तर बाप लेकापेक्षा लहान निघायचा. दाईमायचं वय मात्र कधी चुकलं नाही.

मी त्या गावाचा ग्रामसेवक होतो. शिरूर कासार तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. खाली गावठाण, वर माळावर वस्ती. दसरा झाला की वस्ती ट्रकात बसून ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत यायची. गेलेले सगळेच परत यायचे असं नाही. ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं हे सरकारी वहीत लिहायचं काम भाऊसाहेबाचं. मी ते नऊ वर्षं केलं आणि वाईट केलं. हे लिखाण दाईमायबद्दल आहे, पण माझं खोटं आधी कबूल केल्याशिवाय तिच्याबद्दल खरं लिहायचा मला हक्क नाही.

तिचं खरं नाव मतदारयादीत होतं. गावात ते कुणी घेत नव्हतं. बुटकी, काटक, लुगडं कायम खोचलेलं, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपणहून खाली बसावं. सासूच्या हाताखाली ती सुईणपण शिकली. गावठाण आणि वस्ती मिळून दोन पिढ्या तिच्या हातावर आल्या. पुढं बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, त्याचा तिला राग नव्हता. "बरं झालं, लेकरं जगत्यात," म्हणायची. "पन भाऊसाहेब, बाळंतपनं दवाखान्यानं न्हेली आन् मयती तेवढ्या माझ्याकडं ठिवल्या." ते खरंच होतं. कुणाच्या घरी मयत झाली की राख सावडून झाल्यावर ती कार्यालयात यायची. खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसायची आणि विचारायची, "काय लिवलं?"

नाव वाचलं की मान हलवायची. तारीख वाचली की मान हलवायची. वयाला अडायची. "मी आनलं तो दिस मला ठाव, गेलं तो दिस तुमाला ठाव. मदलं खरं लिवा. जिंदगी मदल्यातच अस्ती."

मधलं मी तोंड बघून लिहायचो. गाल बसलेले, दात पडलेले, डोळ्यांखाली काळं, पाठीला बाक, की लिही साठ. कारणाच्या रकान्यात लिही वृद्धापकाळ. आमच्या पट्ट्यातले बहुतेक भाऊसाहेब असंच लिहायचे. कुणी आम्हाला ते शिकवलं नव्हतं, ते आपोआप जमत गेलं. वाकलेलं माणूस दिसलं की ते म्हातारंच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. उसाच्या मोळीखाली पंधरा हंगाम गेले की माणूस तिशीतच वाकतं, हे आम्हाला दिसत होतं. ते आम्ही लिहिलं नाही.

रामकिसन गेला तेव्हा मी असाच साठ लिहून मोकळा झालो होतो. दाईमायनं तळहात पुढं केला. "येक्केचाळीस," ती म्हणाली. "माझ्या हातचं पैलं बाळंतपन त्ये. सासू म्हनली, तू काढ, मी बगते. सकाळी थोरल्या घरी मानिक झाला तो सासूच्या हातावर, आन् दिवस मावळायच्या आदी वस्तीवर रामकिसन झाला तो माझ्या हातावर. दोगं येकाच दिसाचे. जा, मानिकला बगून या, मंग साठ लिवा."

माणिकराव मला रोज दिसायचे. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादम, पंचायतीत वजन, केस काळेभोर, सकाळी बुलेटवरून शेतावर चक्कर. त्यांना साठ कुणी म्हटलं असतं तर त्यांनी कानाखाली दिली असती. मी स्वतः रामकिसनपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी थोरला. आम्हाला शेजारी उभं केलं असतं तर परक्या माणसानं त्याला माझा मोठा भाऊ ठरवलं असतं. हे सगळं तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं. मी तिला म्हणालो, "माय, शाईनं लिहिलंय, आता खोडता येत नाही." खोडता येत होतं. लाल शाईनं दुरुस्ती करून सही करायची, एवढंच काम होतं.

ती हसली. "हात दाखवा बरं तुमचा," म्हणाली. मी पुढं केला. तिनं माझ्या बोटांवरून आपला अंगठा फिरवला आणि दारातल्या बायकांना म्हणाली, "बगा गं, भाऊसाहेब पंचावन्नचे. ह्या हाताला म्हातारं व्हायला लई टाइम हाय." बायका पदर तोंडावर धरून हसल्या. मीही हसलो. तिनं तेव्हाच माझा निकाल लावला होता, हे मला आज कळतं.

त्याच वर्षी माणिकरावांचे वडील वारले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बीडच्या खाजगी दवाखान्यात, दोन्ही लेक उशाशी. स्टँडपासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले आणि सगळ्यांवर एकच ओळ, 'यांचे अकाली दुःखद निधन'. दाईमायला वाचता येत नव्हतं. तिनं मला फ्लेक्सखाली उभं करून वाचायला लावलं. अकाली म्हणजे काय ते विचारलं. मी म्हणालो, "वेळ व्हायच्या आधी."

"कुनाची येळ?" ती म्हणाली. "रामकिसनाला तुमी काय लिवलं?"

ती फ्लेक्सकडं बघत राहिली आणि मग थुंकली. फ्लेक्सवर नाही, रस्त्यावर. पण माणिकरावांच्या माणसानं ते बघितलं आणि मला येऊन सांगितलं, "भाऊसाहेब, त्या म्हातारीला जरा आवरा." मी बरं म्हणालो.

एकदा मी तिलाच तिचं वय विचारलं होतं. "मला काय ठाव?" ती म्हणाली. "मला आननारी मी आले तवाच म्हातारी हुती. ती गेली आन् माजा दिसबी घिऊन गेली."

आता द्वारकाचं सांगतो. द्वारका दाईमायची धाकटी लेक, वस्तीवरच दिलेली. तिच्या जन्माच्या वेळेला सासू आजारी, घरात दुसरं कुणी नाही. दाईमायनं स्वतःचं बाळंतपण स्वतःच केलं, स्वतःच्या हातानं नाळ कापली. "सुकडी वाटायची बंद झाली त्याच्या म्होरल्या सालात. भर दुपारी. मी येकली." हे ती अभिमानानं सांगायची. द्वारका तेराव्या वर्षी आईबापाबरोबर उसाच्या फडात गेली, सोळाव्या वर्षी नवऱ्याबरोबर. अठ्ठाविसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडं या शब्दाचा अर्थ विचारायला लागत नाही, इतक्या बायकांच्या काढल्यात. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाला, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. टोळी नेणाऱ्या मुकादमालाही ते बरंच होतं. महिन्याच्या चार दिवसांची कटकट गेली, खाडा नाही. माणिकरावांची गाडी बायकांना त्या दवाखान्यात पोचवायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही.

त्यानंतर द्वारकाची कंबर गेली. हाडं दुखायची, घेरी यायची, पाय सुजायचे. विश्रांतीची हंगामात सोय नव्हती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक बसला तर दुसऱ्याचंही काम गेलं. एके दिवशी डोक्यावर मोळी असताना ती फडात पडली. ट्रकच्या केबिनमध्ये घालून तिला गावी आणलं आणि दुसऱ्या दिवशी ती घरातच वारली. फडातच गेली असती तर मी ती नोंद घेतलीच नसती. "तिकडची मयत तिकडं नोंदवा," असं सांगून मी वस्तीवरच्या कित्येकांना परत पाठवलं होतं. तिकडचे म्हणायचे, गावाकडं नोंदवा. अशी माणसं कुठल्याच वहीत नाहीत. सरकारला विचाराल तर ती मेलेलीच नाहीत.

दाईमाय त्या वेळी राख सावडेपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. रडून झालं होतं. उंबऱ्यावर बसली आणि डोळे न मिटता म्हणाली, "छत्तीस. भाऊसाहेब, आज मला दुसरं कायबी नको. छत्तीस लिवा. आशाताई म्हनली, पन्नाशीच्या आतली बाई गेली की वरून मान्सं इचारायला येत्यात, कावून गेली म्हनून. यिऊ द्या त्यान्ला. मी सांगते कावून गेली. वस्तीतल्या समद्या बाया सांगत्याल."

आशाताईचं, म्हणजे गावातल्या आशा सेविकेचं, बरोबर होतं. ती चौकशी बाळंतपणात दगावलेल्या बायका शोधण्यासाठी असायची, पण माणसं यायची, बसायची, विचारायची. नेमकं तेच मला नको होतं. आदल्याच आठवड्यात तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. "तुमच्याच गावात इतकी तरुण माणसं कशी मरतात हो? जरा नीट बघून लिहीत जा." बाकीचे हसले होते. आता छत्तीस लिहिलं असतं तर फॉर्म आले असते, भेटी आल्या असत्या, ऑपरेशन कुठं झालं, कुणी नेलं हे निघालं असतं आणि माणिकरावांच्या दारात जीप थांबली असती.

मला कुणी धमकावलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. माणिकरावांचा फोन आला नाही, साहेबांचा आला नाही. कार्यालयात मी होतो आणि उंबऱ्यावर ती. मी पेन उचललं आणि वयाच्या रकान्यात बावन्न लिहिलं. कारण, अल्प आजार.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"छत्तीस," मी म्हणालो.

"वाचा."

मी वहीवर बोट ठेवून वाचलं, "द्वारका, वय वर्षे छत्तीस." मग खबर देणाराचा अंगठा म्हणून तिचा अंगठा शाईत बुडवून घेतला. तिनं शाई लुगड्याला पुसली, मला हात जोडले आणि म्हणाली, "लई उपकार झाले."

ते हात जोडणं मला अजून झोपेतून उठवतं.

तिनं वाट बघितली. दर आठवड्याला येऊन विचारायची, "आली का मान्सं?" मी म्हणायचो, "येतील माय, सरकारी काम आहे." असं चार महिने चाललं. मग एका दुपारी ती द्वारकाच्या लेकीला घेऊन आली. पोरगी अंबाजोगाईला नर्सिंगला लागली होती, तिला आईच्या मृत्यूचा दाखला हवा होता. मी नव्हतो, शिपायानं वहीवरून दाखला लिहून ठेवला होता. मी आलो तेव्हा पोरगी पायरीवर उभी राहून तो वाचत होती.

"आजी, यात आईचं वय बावन्न लिहिलंय."

"परत वाच."

"बावन्न."

दाईमायनं दाखला हातात घेतला. उलटा धरला होता. मग माझ्याकडं बघितलं. आजवर ती मला भाऊसाहेब आणि तुमी म्हणत आली होती.

"तू वाचून दावलं हुतंस," ती म्हणाली. "बोट ठिवून वाचलंस."

मी म्हणालो, "माय, नजरचूक झाली असेल."

"नजर न्हाई चुकली तुजी. सोळा वर्सं वाढीव दिलीस माझ्या लेकीला. कुठं हायती ती? दे की मला. दे, घरी घिऊन जाते. सोळा वर्सं तिला सावलीला बसवते." तिचा आवाज चढला नव्हता. पोरगी रडत होती. "रामकिसनाला दिलीस, गयाबाईला दिलीस, वस्तीतल्या मान्साला वाटत सुटलास. लई दानी हायस बाबा. मानिकच्या बापाला का न्हाई रं दिलीस?"

त्यानंतर ती कार्यालयात कधी आली नाही. मयती होत राहिल्या, मी लिहीत राहिलो, आणि कुणी 'काय लिवलं' म्हणून विचारायला नव्हतं. पुढच्या वर्षी नोंदी वेळेत आणि स्वच्छ ठेवल्याबद्दल तालुक्यात माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. मागितली ती बदलीही मिळाली. ती शाल माझ्याकडं आहे. मी ती कधी पांघरली नाही, आणि फेकूनही दिली नाही.

आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे. अंबाजोगाईत मुलाकडं राहतो. सकाळी आम्ही निवृत्त मंडळी फिरायला जातो आणि गुडघ्यांविषयी बोलतो. पाच वर्षांपूर्वी आमच्यातले एक शिक्षक पंचाहत्तराव्या वर्षी गेले, तर सगळे म्हणाले, लवकर गेले हो. मला तिथं उभं राहवेना. आमचं मरण केव्हा यावं याचं एक गणित आमच्या डोक्यात आहे आणि त्यांच्या मरणाचं दुसरंच. हे दुसरं गणित वहीत उतरवायला सरकारनं मला पगार दिला, मी त्यात खुशाल मदत केली, आणि आता त्याच पगाराच्या पेन्शनवर रक्तदाबाची गोळी घेऊन चालतो आहे.

त्या दिवशी घरी न जाता मी एसटीत बसलो. दाईमाय अंगणात बाजेवर होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाजावरून ओळखलं. "कोन, लिवनारा का?" म्हणाली. पाणी विचारलं नाही. मी म्हणालो, "माय, चुकलो. तू सांग, मी परत लिहितो. सगळ्यांची."

ती बाजेवर उठून बसली. मग म्हणाली, "वही हाय का?" मी शंभर पानी वही नेली होती. तिनं तळहात पुढं केला आणि डोळे मिटले. त्या महिन्यात मी पाच वेळा गेलो. ती एकेकाला हातावर घेत होती, कुठल्या सणाला आला, कुठल्या दुष्काळात, किल्लारी हलली त्या साली की आदल्या, आणि मग कधी गेला. मी बोटं धरून वय काढत होतो. एक्केचाळीस. अडतीस. चव्वेचाळीस. तेहतीस. मधेच एखादं गावठाणातलं, सासूच्या हातावर आलेलं यायचं, ऐंशी, ब्याऐंशी, आणि ती डोळे न उघडता म्हणायची, "हे तुमचं बराबर लिवलेलं आसंल." तिनं मला माफ केलं नाही. मीही माफी मागितली नाही. फक्त शेवटच्या दिवशी उठताना म्हणाली, "येकदा वाच. द्वारकाचं." मी वाचलं. तिनं वही मागून घेतली आणि नातीला हाक मारली. नात आता तिथल्याच उपकेंद्रात नर्स आहे, सुट्टीला घरी होती. "तू वाच गं." नातीनं वाचलं, "छत्तीस." मग तिनं वही मला परत दिली.

चार वर्षांपूर्वी दाईमाय गेली. नव्या भाऊसाहेबांनी तिचं वय अंदाजे पंचाऐंशी लिहिलं. खरं असेल, नसेलही. सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी द्वारकाची नोंद दुरुस्त करायला अर्ज केला. प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहिलं की ही नोंद मी जाणूनबुजून खोटी केली. मुलगा म्हणाला, "बाबा, पेन्शन थांबवतील." थांबवू देत. तालुक्याच्या कार्यालयातला बाबू चांगला होता, त्यानं मला चहा पाजला.

"काका, वयाचा पुरावा काय? शाळेचा दाखला?"

"शाळेत गेली नाही."

"जन्माची नोंद?"

"घरी जन्मली."

"मग ही वही कुणी सांगितली?"

"जिनं तिला जन्माला घातलं तिनं."

"त्यांना घेऊन या."

"त्या वारल्या."

त्यानं अर्ज माझ्याकडं सरकवला. "मग कसं करणार, काका? आणि आता बावन्न काय न् छत्तीस काय, बाई तर गेलीच ना?"

पुरावा होता. माझ्या कार्यालयाच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. मी त्याचा अंगठा शाईत बुडवला आणि त्या अंगठ्याच्या वर खोटं लिहिलं. आता अर्ज वर पाठवला आहे, तिथूनही परत येईल. तो परत आला की पुन्हा पाठवीन. तोवर सरकारी वहीत जे येत नाही ते इथं लिहून ठेवतो, कुणीतरी मोठ्यानं वाचावं म्हणून.

द्वारका. दाईमायची धाकटी लेक. सुकडी बंद झाली त्याच्या पुढच्या साली, भर दुपारी, आईच्याच हातावर आली. उसाच्या फडात मोळीखाली पडली आणि दुसऱ्या दिवशी घरी वारली. वय वर्षे छत्तीस.